रेवदंड्याच्या खाडीकाठी आपले स्वागत





खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला आहे. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी चौलसह तो सोडला आणि मराठ्यांचा अंमल आला. फौज गेली, पण कोर्लईचे ख्रिस्ती गावातच राहिले. पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून घडलेली बोली ते आजही घरात बोलतात. शाळेत आणि बाजारात मराठी बोलतात. मला यात कसलीच विसंगती दिसत नाही.

तरीही ‘तुम्ही नेमके कुणाचे?’ हा प्रश्न कॅथलिक माणसाचा पाठलाग करत आला आहे. अमेरिकेत 1928 साली अल स्मिथ अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा ते राज्यघटनेला मानतील की पोपना, यावर रान उठवले गेले. स्मिथ हरले. पराभवाची कारणे अनेक होती, पण तो संशय त्यांच्या समाजाच्या जिव्हारी लागला.

आपल्याकडे मात्र त्याआधी बारा वर्षे, एप्रिल 1916 मध्ये, बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण? जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा! मूळ घराणे उत्तनचे, जन्म माझगावचा, शिक्षण पुण्यात आणि केंब्रिजला. त्यांच्या कॅथलिक ईस्ट इंडियन समाजाने 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपली संघटना उभारली होती. सरकारी नोकऱ्यांवर भिस्त असलेल्या त्या समाजातून हा बॅरिस्टर उठतो, कॅथलिक आयर्लंडच्या होमरूल लढ्यातून स्फूर्ती घेतो आणि लोकमान्यांच्या खांद्याला खांदा लावून स्वराज्य मागतो. यासाठी त्यांना ना नाव बदलावे लागले, ना प्रार्थना. पुढे ते गिरणी कामगारांसाठी झटले, 1925 मध्ये मुंबईचे महापौर झाले.

माझगावच्या टेकडीवरील बागेला त्यांचे नाव आहे. एवढ्यावर आपण समाधान मानू नये. काकांचे विचार रायगडच्या शाळकरी मुलांच्या हाती मराठीतून पडले पाहिजेत, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

संमेलनाच्या उद्या सकाळच्या सत्रात कोर्लईच्या वडीलधाऱ्या बाया आपल्या बोलीतली गाणी म्हणणार आहेत. लेखकांनी वह्या घेऊन पुढे बसावे. त्या गाण्यांचा अर्थ त्यांनाच विचारावा आणि लिहून घ्यावा.