गाडीची बॉडी उंचावताना रेडिएटरचा विचार



नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला इंदापूर तालुका आणि नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला बारामतीचा बागायती पट्टा येथे गावाचे वेळापत्रक उसाच्या हंगामावर ठरते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की या भागातील एकही चाक रिकामे राहत नाही. मोठे ट्रक व ट्रॅक्टर ऊस वाहतात. लहान मालवाहू पिकअप गाड्या बेणे, खताची पोती, दुधाचे कॅन आणि इंदापूरकडील डाळिंबाचे क्रेट वाहतात. या लहान गाड्या बहुधा कर्जाऊ घेतलेल्या असतात. त्यामुळे गाडी चार दिवस गॅरेजात उभी राहिली, तरी घरचा हिशेब कोलमडतो.

डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंतची वाट मात्र काळ्या मातीची असते. पाटाचे पाणी फुटले, की तिच्यात हातभर खोल चाकोऱ्या पडतात आणि गाडीचे पोट टेकते. अशा वेळी गाडी उंच करून घेण्याचा विचार मालकाच्या मनात येतो. त्याचा एक प्रकार असा, की चासी आणि बॉडी यांच्यामध्ये जेथे रबराचे तुकडे बसविलेले असतात, तेथे दोन-तीन इंच उंचीचे ठोकळे घालून संपूर्ण बॉडी वर उचलावयाची. हा प्रकार अमेरिकेत पिकअप गाड्यांच्या हौशी मालकांत विशेष रूढ आहे. काम सोपे दिसते. बोल्ट सोडावयाचे, जॅक लावावयाचा, ठोकळे बसवावयाचे आणि लांब बोल्ट आवळावयाचे. परंतु याच ठिकाणी रेडिएटरचा प्रश्न उभा राहतो.

इंजिन आणि त्याच्या पुढचा, पट्ट्याने फिरणारा पंखा हे चासीवर बसविलेले असतात. ज्या गाड्यांत रेडिएटर बॉडीच्या पुढील चौकटीला जोडलेला असतो, त्यांत बॉडी वर गेली की रेडिएटरही तिच्याबरोबर वर जातो. पंखा आपल्या जागी राहतो. पंख्याभोवतीचे गोल आवरण रेडिएटरला जोडलेले असल्यामुळे तेही वर येते. पंख्याचे पाते व हे आवरण यांत साधारणतः इंचभराचेच अंतर असते. साहजिकच आवरणाची खालची कड पात्यांच्या मार्गात येते, आणि गाडी सुरू करताच खडखडाट ऐकू येतो.

यावर उतावळा मेस्त्री आवरणाचा खालचा भाग कापून टाकतो किंवा ते आवरणच काढून ठेवतो. खडखडाट थांबतो, मालक समाधानाने पैसे देतो, आणि बिघाडाचे बीज तेथेच पेरले जाते. कारण ते आवरण शोभेचे नसते. पंख्याने ओढलेली हवा रेडिएटरच्या सर्व भागांतून यावी, आजूबाजूच्या मोकळ्या जागेतून येऊ नये, हे त्याचे कार्य होय. आवरण गेले, शिवाय रेडिएटर पंख्याच्या मध्यापासून दोन-तीन इंच वर सरकला, म्हणजे रेडिएटरच्या वरच्या भागातून पुरेशी हवा ओढली जात नाही.

मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वारा ही उणीव झाकतो. म्हणून पुणे-सोलापूर महामार्गावर चाचणी घेऊन परतलेला मालक निश्चिंत होतो. खरी परीक्षा कारखान्याच्या आवारातील रांगेत, भर दुपारी, गाडी पावला-पावलाने सरकत असताना होते. ज्येष्ठ-आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर या मार्गाने जाते, तेव्हा दिंड्यांचे सामान वाहणाऱ्या गाड्यांना गर्दीत माणसाच्या चालीने चालावे लागते. त्या गतीला वाऱ्याची मदत शून्य. सर्व भार पंख्यावर. अशा वेळी तापमानाचा काटा वर चढतो, आणि चालकाने दुर्लक्ष केले तर हेड गॅस्केट जाते. त्यानंतरच्या दुरुस्तीचा खर्च ठोकळ्यांच्या किमतीशी ताडून पाहण्याचीही गरज नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. रेडिएटरच्या झाकणामुळे आतील पाणी दाबाखाली राहते व शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले, की दाब एकदम उतरतो आणि उकळते पाणी तोंडावर उडते. इंजिन निवेपर्यंत झाकणास हात लावू नये, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असावे; शेतकऱ्याच्या घरी बादलीभर पाणी घेऊन धावणारी तीच असतात.

रेडिएटरची योग्य व्यवस्था साधी आहे. बॉडी जितकी वर उचलली, तितकाच रेडिएटर मजबूत पट्ट्यांच्या साहाय्याने खाली उतरवावा. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने तो आपल्या मूळ जागी परत येतो. पंखा आवरणाच्या मध्यावर येतो आणि होज पाइपांना ताण पडत नाही. पात्यांचे अंतर हाताने पंखा फिरवून चारही बाजूंनी पाहावे. याखेरीज स्टिअरिंगचा दांडा, गिअरची काठी, हँडब्रेकची केबल, ब्रेकच्या नळ्या, डिझेल भरण्याची नळी आणि बॉडीला जोडलेली अर्थची तार ताणली गेली आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते. यांतील ब्रेकची नळी ही रेडिएटरहूनही अधिक गंभीर बाब होय. बहुतेक मोठ्या ट्रकांत रेडिएटर चासीवरच असतो, आणि विजेचा पंखा रेडिएटरलाच जोडलेल्या गाड्यांत पात्यांचा हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे होज पाइप मात्र पाहावे लागतात.

एवढे करूनही मालकाचा मूळ हेतू साधतो काय? बॉडी उचलल्याने मागच्या ॲक्सलवरील डिफरन्शियलचा गोळा तसूभरही वर जात नाही. चाकोरीत टेकतो तो बहुधा हाच गोळा. मोठे टायर बसविण्यास जागा मिळते इतकेच, आणि मोठ्या टायरांमुळे इंजिनावरील भार वाढून उष्णतेचा प्रश्न पुन्हा दारात येतो. शिवाय भार उंचावल्याने कालव्याच्या कडेच्या उतरत्या वाटेवर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. त्याच गाडीत सकाळी ऊसतोड मजूर आणि त्यांची मुले बसलेली असतात.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक अननुज्ञेय फेरफाराबद्दल मालकास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. अपघात झाल्यास विमा कंपनीही या फेरफारावर बोट ठेवू शकते. म्हणून ठोकळे विकत घेण्याआधी बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी. ग्रामपंचायतीची घंटागाडी किंवा पाण्याचा टँकर असल्यास ती लेखी करावी.

ज्या गावी ही गाडी वारंवार रुतते, तेथील पाणंद रस्त्यावर मुरूम टाकणे आणि पाटाची फूट वेळेवर बुजविणे हे काम पंचायतीच्या हातातले आहे. त्यासाठी कोणत्याही रेडिएटरची जागा बदलावी लागत नाही.