दीड हात

(युवक शिबिरात केलेलं भाषण)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘क्रांती आणि युवक’ असं छापलंय. छापणाऱ्यानं छापलं. मी दीड हातावर बोलणार आहे. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा. दीड हात म्हणजे सव्वादोन फूट. कुणाला वाटेल, एवढ्यासाठी शिबिर कशाला? बसा. ऐका. मग ठरवा.

आमचं गाव रिसोड तालुक्यात, वाशीम जिल्ह्यात. १ जुलै १९९८ ला सरकारनं अकोल्यातून वाशीम वेगळा काढला, जिल्ह्याची हद्द आखली. आमच्या घराची हद्द कुणीच आखली नव्हती. गावाचं शेवटचं घर त्यांचं, वस्तीचं पहिलं घर आमचं. मधे आमचीच मोकळी पट्टी. माय तिथं सरपण रचायची.

२०१९ च्या पावसाळ्यात शेजाऱ्यानं गोठ्याला लागून न्हाणीघर काढलं. आधी चार विटा. मग कंबरेएवढी भिंत. मग स्लॅब, आणि स्लॅबचा छज्जा आमच्या पत्र्यावर. मी पुण्यात नोकरीला. मायनं फोन केला. बाबांनी फोन हिसकून घेतला, म्हणाले, “कायले येतं बाबू? दीड हातानं आपण का मरून ऱ्हायलो? शेजारी हाय.”

शेजारी! हा शब्द नीट तपासा. त्यांच्या घरच्या लग्नात आमचं पान वेगळ्या पंगतीत. त्यांच्या विहिरीवर आमची बादली नाही. पण भिंत सरकवायची वेळ आली की आम्ही शेजारी! शेजारधर्म फक्त आमच्याच वाट्याला. पाळायचा आम्ही, वसूल करायचा त्यांनी.

आणि ‘अतिक्रमण’ हा शब्द? तो मी लहानपणी पहिल्यांदा ऐकला माझ्या मामाच्या नावापुढं. मामा गायरान वाहायचा. दादासाहेब गायकवाडांच्या पिढीनं १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसं तुरुंगात गेली. तेव्हा कुठं पुढं, २८ नोव्हेंबर १९९१ ला, सरकारनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय काढला. कागद आला, पण कित्येकांच्या नावावर जमीन आलीच नाही. पडीक जमिनीत घाम गाळणारा अतिक्रमणधारक. आमच्या दारात भिंत घालणारा प्रतिष्ठित गृहस्थ. भाषा कोणाची आहे बघा!

मी दिवाळीला गावी गेलो. भिंतीला प्लास्टर झालेलं. छज्ज्याचं पाणी आमच्या चुलीत. मी विचारलं तर शेजारी बाजेवरून न उठता म्हणाला, “काऊन बे, शिकला तं मोजाले लागला का?”

हो. शिकलो म्हणूनच मोजायला लागलो. आता कसं मोजायचं ते सांगतो, कारण इथं बसलेल्या निम्म्या पोरांचं घर असंच गावठाणात आहे.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. आपल्या माणसांना वाटतं तोच मालकीचा कागद. नाही. ती घरपट्टीची नोंद आहे. पण तिच्यावर लांबी-रुंदी असते, बापाचं नाव असतं, म्हणून ती जपायची. करपावत्या जपायच्या. घरकुल मिळालं असेल तर मंजुरीचा कागद जपायचा. आमच्या बाबांनी हे सगळं बाबासाहेबांच्या फोटोमागं पिशवीत ठेवलं होतं. भांडायचं धाडस नव्हतं त्या माणसात, पण एक पावती हरवली नव्हती.

२४ एप्रिल २०२० ला केंद्रानं स्वामित्व योजना आणली. गावठाणावरून ड्रोन उडवायचं, प्रत्येक घराची मिळकत पत्रिका काढायची. ड्रोन उडायच्या आधी घरांच्या कडेनं चुन्याच्या रेघा मारतात. आमच्याकडं चुना पडला तेव्हा मी पुण्यात. बाबा दारात उभे. रेघ पडली ती शेजाऱ्याच्या नव्या भिंतीच्या कडेनं. बाबा गप्प.

मित्रांनो, ड्रोनला जात दिसत नाही, खरंय. पण त्याला जुनी हद्दही दिसत नाही. त्याला दिसते आजची भिंत. त्या दिवशी तुमचा बाप दारात मान खाली घालून उभा राहिला, तर बळकावलेली जागा सरकारी नकाशावर पक्की व्हायला लागते. म्हणून चुना पडतो त्या दिवशी गावात हजर राहा. नाही जमलं तर चौकशीच्या वेळी लेखी हरकत द्या. मी दिली. पिशवीतले सगळे कागद जोडले.

चौकशीला अधिकारी जागेवर आले. टेप आणलेला. अर्धं गाव जमलं. त्यांनी विचारलं, तुमची हद्द कुठवर? मी तोंड उघडणार तर बाबा पुढं झाले. सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मभर त्या दारासमोर चप्पल हातात घेऊन चाललेला. त्यांनी काठी न्हाणीघराच्या भिंतीच्या आत टेकवली. “इथं. इथं आपला पऱ्हाटीचा कूड होता. मीनंच घातला होता.” आवाज कापत होता. पण काठी हलली नाही.

टेप लागला. कागदावरची रुंदी आणि काठी जुळली. दीड हात गुणिले बावीस फूट. जवळजवळ पन्नास चौरस फूट. मायची बाज मावून वर सरपण मावेल एवढी जागा.

आणि तोच टेप दुसऱ्या बाजूला लागला, तेव्हा आमचा ओटा रस्त्यावर वीतभर पुढं निघाला! शेजारी हसला. गाव हसलं. मी घरातून घण आणला आणि पहिला घाव आमच्या ओट्यावर घातला. सगळ्यांसमोर. हे मी बढाई मारायला सांगत नाही. टेपाला दोन टोकं असतात, हे आपण विसरतो म्हणून सांगतो. वस्तीत भाऊ भावाची, चुलता पुतण्याची हद्द खातो. तिथं आपण ‘घरातली गोष्ट’ म्हणून गप्प बसतो. हे चालणार नाही. टेप सगळ्यांना सारखा.

पण नोंद दुरुस्त झाली म्हणजे भिंत पडली असं नाही. मोजणारा रेघ दाखवतो, पाडत नाही. ग्रामपंचायत सार्वजनिक रस्त्यावरचं, मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढू शकते. दोन खाजगी घरांतला वाद दिवाणी कोर्टाचा.

म्हणून मुदती पाठ करा. बांधकाम चालू असतानाच कोर्टात जाऊन मनाई हुकूम मागा, विटा वाळायची वाट बघू नका. ताब्यातून हुसकलं तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ आहे. सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर कोर्ट मालकी विचारत नाही, ताबा कोणाचा होता एवढंच बघतं. माझे ते सहा महिने बाबांच्या ‘जाऊ दे’त गेले. मग राहतो मालकीचा दावा. आणि तो उघडपणे, तुमचा हक्क नाकारून बारा वर्षं बसला, तर तुमचाच दावा मुदतीबाहेर जायची भीती. ‘जाऊ दे’ची किंमत कायद्यात बारा वर्षं आहे!

वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करा. ही भीक नाही, हक्क आहे.

ज्यांच्याकडं मिळकत पत्रिका किंवा सातबारा आहे, त्यांनी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. लगतच्यांना नोटीस जाते, भूकरमापक येतो, नकाशाची ‘क’ प्रत मिळते. मोजणी पटली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. दंगा होईल असं वाटलं तर पोलीस बंदोबस्त मागा. एकट्यानं कुदळ घेऊन जाऊ नका. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. त्या वैराच्या अनेक धाग्यांतला एक धागा शेतातून जाणाऱ्या वाटेचा होता. आणि खटल्यात ॲट्रॉसिटी कायद्याखाली शिक्षा झाली नाही.

कुणी म्हणेल, सरळ ॲट्रॉसिटी लावा. आमची जमीन बळकावणं त्या कायद्यात गुन्हा आहेच. जातीवरून हे केलं असेल, तर लावलीच पाहिजे. पण ५ नोव्हेंबर २०२० ला हितेश वर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे एवढ्यानं जागेचा वाद या कायद्याखालचा गुन्हा होत नाही, ते कृत्य जातीमुळं झालेलं असलं पाहिजे. आपल्याला पटो न पटो, कोर्टात हा निकाल पुढ्यात येतो. म्हणजे दोन्ही वाटांवर आधी काय पाहिजे? कागद. मोजमाप. तारीख.

आमचा दावा तीन वर्षं चालला आणि लोकअदालतीत मिटला. छज्जा कापला. पाणी त्यांच्या अंगणात वळवलं. न्हाणीघराची भिंत त्यांनीच माणसं लावून पाडली आणि दीड हात मागं घेतली. त्या दिवशी बाबा अंगणात बसून प्रत्येक वीट मोजत होते. शेजारी आमच्याशी अजून बोलत नाही. पण ‘बे’ म्हणत नाही.

मित्रांनो, १४ एप्रिलला तुम्ही गावी जाता. झेंडा लावता, मिरवणुकीत नाचता, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. या वर्षी एक दिवस जास्त थांबा. बॅगेत टेप न्या. बापाच्या घराच्या चारी बाजू मोजा. नमुना ८ काढा. बाप गेला असेल तर वारसांची नावं लागली का बघा. मिळकत पत्रिका झाली असेल तर तिच्यावरचा आकडा आणि जमिनीवरचा आकडा जुळतो का बघा. आणि बापाला विचारा, आपली हद्द कुठवर?

तो म्हणेल, “जाऊ दे ना बाबू.”

जाऊ देऊ नका. त्याच्या हातात काठी द्या.

जय भीम!