दूध पाजायची उशी आणि पोट भरल्यानंतरची दहा मिनिटं

आजच्या भागात नवा फोन नाही की एआय नाही. माझी ताई बाळंतपणाला माहेरी आलीये, मी मामा झालोय, आणि सध्या आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वापरात असलेलं गॅजेट म्हणजे दूध पाजायची उशी. ऑनलाइन 'फीडिंग पिलो' म्हणून मिळते ना, यू आकाराची, कमरेभोवती बसणारी, तीच.

आधी एक स्पष्ट करतो. उशी कामाची आहे. आईच्या पाठीला, हातांना खरंच आराम मिळतो. धोका दूध पाजताना नाही, तो त्यानंतर आहे. बाळाचं पोट भरतं, ते उशीवरच झोपी जातं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं, नको उचलूस, उठेल. राहू दे तिथेच." आणि आई पाणी प्यायला उठते, नाहीतर बसल्या बसल्या तिचाच डोळा लागतो.

आता बाळाच्या शरीराचं गणित बघा. पहिले काही महिने बाळाने मान धरलेली नसते आणि डोकं अंगाच्या मानाने जड असतं. उशीच्या उंचवट्यावर ठेवलं की डोकं पुढे कलतं, हनुवटी छातीला टेकते, आणि मऊ, बारीक श्वासनलिका दबते. बागेतल्या पाइपला घडी पडावी तशी. किंवा बाळ कुशीवर वळतं, तोंड मऊ कापसात रुततं. मान उचलून बाजूला करायची ताकद त्याच्यात नसते. आणि वाईट म्हणजे आवाज होत नाही. श्वासच अडला तर रडणार कसं? शेजारी बसलेल्यालाही बाळ शांत झोपलंय असंच वाटतं.

अमेरिकेतल्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने, २०१० ते २०२२ या काळात अशा उशांशी संबंधित १५४ बाळांचे मृत्यू नोंदवलेत. याच जातकुळीतलं दुसरं उत्पादन म्हणजे बाळाला टेकवून ठेवायचे लाउंजर. 'बॉपी' कंपनीचे ३३ लाख लाउंजर सप्टेंबर २०२१ मध्ये परत मागवले गेले. तोवर आठ बाळं गेली होती. परत मागवल्यानंतरही आणखी दोन मृत्यू झाले, आणि जुने लाउंजर ऑनलाइन विकले जातच होते. म्हणून परदेशातल्या नातेवाइकांकडून 'आमच्या बाळाचं आहे, वापरा' म्हणून काही आलं, तर त्याचं नाव आणि मॉडेल आधी तपासा.

मला इंजिनिअर म्हणून पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. 'झोपण्यासाठी वापरू नका' ही सूचना अनेक उशांवर होतीच. पण रात्री तीन वाजता लेबल कोण वाचतं? युझर मॅन्युअल वाचत नाही, हे आम्हाला पहिल्या नोकरीतच कळतं. म्हणून आयोगाने २०२४ मध्ये थेट रचनेचे नियम केले, ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. उशी इतकी टणक हवी की ती बाळाच्या चेहऱ्याभोवती रुतणार नाही. मधली खाच डोकं अडकणार नाही इतकी रुंद हवी. बाळाला बांधायचे पट्टे नकोत. आपण इथे विकत घेताना हेच तीन निकष हाताने दाबून, डोळ्यांनी बघून तपासू शकतो.

आणि घरात? नियम एकच. बाळ उशीवर असेपर्यंत एक जागा माणूस समोर हवा. बाळ झोपलं की उचलायचं, सपाट, टणक गादीवर उताणं ठेवायचं. आजूबाजूला लोड, मोहरीची उशी, जाड पांघरूण, सॉफ्ट टॉय काही नको. उठलं तर उठलं, पुन्हा झोपवू.

पण हे सगळं एकट्या बाळंतिणीवर टाकू नका. दोन-दोन तासांनी उठणाऱ्या बाईला 'झोपू नकोस' सांगणं हा उपाय नाहीये. आमच्याकडे ऑफिससारखी ऑन-कॉल ड्युटी लावलीये. रात्री दोनची पाळी माझी, पहाटेची आईची. दूध पिऊन झालं की ताई बाळ आमच्या हातात देते आणि आडवी होते. ढेकर काढणं, गादीवर ठेवणं आमचं काम. मामाला, आजोबांना, बाळाच्या बाबांना सहज जमतं हे.

तुमच्या ओळखीत कुणाकडे तान्हं बाळ असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि फक्त आईला नको, घरातल्या सगळ्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!