यादीतली शेवटची बाई

आमच्या ग्रामसंघाचा हिशोब मी लिहिते. मागच्या वर्षी कर्जासाठी सगळ्या सभासदांची यादी बँकेला द्यायची होती. बायकांनी व्हॉट्सॲपवर एकाखाली एक चार ओळी पाठवल्या: नाव, पत्ता, खाते क्रमांक, फोन. मी त्या एका फाइलमध्ये घेतल्या, दोघींच्या मध्ये एक ओळ रिकामी सोडून. वाचायला सोपं. पण बँकेला हवी होती एका बाईची एकच आडवी ओळ, चार रकान्यांत.

बायका १२८. दोन रात्री मी हाताने उतरवत बसले, आणि दोघींचे खाते क्रमांक एकमेकींच्या नावापुढे गेले. वेळेत दिसलं म्हणून बरं, नाहीतर एकीचे पैसे दुसरीच्या खात्यात!

माझी भाची म्हणाली, "मावशी, हे काम कॉम्प्युटरला सांग की." तिने मला पायथॉन भाषा दाखवली. गिडो व्हान रॉसम या डच माणसाने ती १९९१ मध्ये लोकांसमोर आणली; ती फुकट मिळते. तिच्यात क्रमाने सूचना लिहायच्या, त्याला म्हणतात स्क्रिप्ट. माझी स्क्रिप्ट जेमतेम दहा-बारा ओळींची. तिचा अर्थ असा:

एक रिकामा डबा घे. फाइलमधली एकेक ओळ वाच. तिच्या मागचीपुढची मोकळी जागा काढून टाक. याला 'स्ट्रिप' म्हणतात. ओळीत काही उरलं, तर ते डब्यात टाक. काहीच उरलं नाही, तर समज की एका बाईची माहिती संपली. मग डब्यातलं सगळं 'जॉइन' कर, म्हणजे मध्ये टॅब घालून जोड. नव्या फाइलमध्ये एक ओळ लिही आणि डबा रिकामा कर.

टॅब का, स्वल्पविराम का नाही? कारण पत्त्यात स्वल्पविराम असतात. कॉम्प्युटर त्यालाच नवा रकाना समजतो आणि पुढचं सगळं सरकतं.

स्क्रिप्ट चालवली. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच यादी तयार! मला इतका आनंद झाला की तशीच पाठवणार होते. पण सवयीने ओळी मोजल्या. १२७.

कोण राहिलं? सगळ्यात शेवटची बाई. वस्तीच्या टोकाला राहणारी, गटात नुकतीच आलेली, म्हणून नाव तळाला. शेळ्यांसाठी तिने पहिल्यांदाच कर्ज मागितलं होतं. तिच्या चारही ओळी डब्यात होत्या. पण तिच्यानंतर रिकामी ओळच नव्हती, फाइल तिथेच संपली. त्यामुळे "आता लिही" हा हुकूम मिळालाच नाही. भाची हसली. म्हणाली, "नवशिके हमखास इथेच चुकतात." मग शेवटी एक सूचना वाढवली: फाइल संपली आणि डब्यात काही शिल्लक असेल, तर तेही लिही.

आणखी एक गोष्ट. तिघींकडे फोन नव्हता, त्यांच्या तीनच ओळी. म्हणून दुसरी सूचना घातली: डब्यात चार गोष्टी नसतील, तर ते नाव पडद्यावर दाखव. त्या तिघींच्या फोनच्या जागी मी "नाही" असं लिहिलं आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. यादी भरली १२८.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर मूळ फाइल तशीच जपून ठेवा, काम तिच्या प्रतीवर करा. आधी पाचच नावं घेऊन बघा. खाते क्रमांक असलेली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. आणि काम झालं की डोकी मोजा. पहिलं नाव बघा, मधलं एखादं बघा, शेवटचं तर बघाच. कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच करतो. कोण राहून गेलं, हे आपणच विचारायचं.