खो : मैदानावरचा आणि कचेरीतला



मराठी भाषेने आपल्या एका अस्सल खेळावर थोडा अन्यायच केला आहे. ‘त्याने कामाला खो घातला’ असे म्हटले की काम अडले, असा अर्थ शाळकरी मुलालाही कळतो. कचेरीतील कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर आणि तेथून तिसऱ्यावर फिरू लागला की अर्जदार ‘खो-खो चालला आहे’ असे म्हणून कपाळाला हात लावतो. मैदानावर मात्र खो हा अडविण्याचा शब्द नसून उठविण्याचा शब्द आहे. धावणारा गडी बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून तो मोठ्याने उच्चारतो आणि ज्याला तो मिळतो, तो त्याच क्षणी धावू लागतो. एकाच अक्षराला मैदानात एक अर्थ आणि कचेरीत त्याच्या नेमका उलट अर्थ का चिकटला असावा, या प्रश्नात एकत्र काम करण्याविषयीचे बरेच काही दडलेले आहे.

हल्ली कारखान्यांतून आणि बँकांतून संघभावनेवर व्याख्याने होतात. त्यांत खेळाडूंचे दाखले हटकून येतात आणि ते दाखले बहुधा कर्णधारांचे असतात. विजयी कर्णधार व्यवस्थापकांना आवडावा हे साहजिक आहे. त्याच्या जागी ते स्वतःला पाहतात. खो-खोचे तसे नाही. या खेळात नऊ गड्यांपैकी आठ जण मधल्या पाटीवर बसलेले असतात आणि एकच जण धावत असतो. म्हणजे कोणत्याही क्षणी संघाचा फार मोठा भाग वाट पाहत असतो. या वाट पाहणाऱ्यांचे काय करायचे, याचा विचार ज्या खेळाने नियमांतच करून ठेवला आहे, तो कचेरीला अधिक जवळचा म्हटला पाहिजे. कारण कचेरीतही बहुतेक माणसे बहुतेक वेळ दुसऱ्याच्या कामाची वाटच पाहत असतात.

नियम सर्वांना ठाऊक आहेत, तरी त्यांकडे एकदा नव्याने पाहावे. धावणाऱ्या गड्याला बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. एकदा घेतलेली दिशा त्याला खांबापर्यंत पोहोचल्याखेरीज बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र ही बंधने नाहीत. तो मधून सुळकन पलीकडे जातो आणि मागेही वळतो. अर्थात कितीही वेगवान असला तरी एकटा पाठलाग करणारा हरणारच, अशी तजवीज नियमांनीच केली आहे. त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो : योग्य गड्याला योग्य क्षणी खो देणे आणि स्वतः त्याच्या रिकाम्या जागी बसणे. हे बसणे महत्त्वाचे आहे. काम दुसऱ्याला देऊन त्याच्या मागे उभे राहून सूचना देत राहण्याची सोय या खेळात नाही. कचेऱ्यांतून ती सोय किती उदारपणे वापरली जाते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

याहूनही विलक्षण गोष्ट बसण्याच्या पद्धतीत आहे. आठही गडी एकाच दिशेला तोंड करून बसत नाहीत. एक पूर्वेकडे तर शेजारचा पश्चिमेकडे, असे आलटून पालटून बसतात. सगळे एकाच बाजूला पाहत बसले असते तर पळणाऱ्याने दुसऱ्या बाजूला उभे राहून विश्रांती घेतली असती. एकाला जे दिसत नाही ते शेजाऱ्याला दिसावे, ही व्यवस्था खेळाने कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. कार्यालयांत मात्र साहेबांच्या नजरेने पाहणारी माणसे साहेबांभोवती गोळा होतात आणि त्यालाच एकोपा म्हटले जाते. बैठकीत भिन्न मत मांडणारा सहकारी हा संघभावनेला बाधक ठरतो. खो-खोच्या दृष्टीने पाहिले तर तोच दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलेला गडी असतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमबद्ध रूप देण्यात पुढाकार घेतला. शंभर वर्षांच्या आसपासच्या वाटचालीनंतर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यांत भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे, तर पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६ असे हरविले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. पण या खेळाची गोडी अशी की पाहणाऱ्याला कर्णधार शोधावा लागतो. डोळा सतत धावणाऱ्यावर खिळलेला असतो आणि धावणारा तर दर काही क्षणांनी बदलत असतो.

आपल्या भागात याचा पडताळा पाहण्यासाठी फार दूर जायला नको. बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत औषधे आणि रसायने तयार करणारे कारखाने आहेत. अशा कारखान्यांत रासायनिक क्रिया एका पाळीत सुरू होते आणि पुढच्या पाळीत पुरी होते. भट्टीला घड्याळाची सुट्टी ठाऊक नसते. पाळी बदलतानाची ती चार-पाच मिनिटे म्हणजे शुद्ध खो असतो. जाणाऱ्याने तापमान किती, कोणती झडप उघडी आहे, कशाची शंका आली, हे स्पष्ट शब्दांत आणि नोंदवहीत लिहून सांगितले पाहिजे. खो-खोत खो पाठीमागून, स्पर्शासह आणि मोठ्याने द्यावा लागतो. नुसता स्पर्श केला किंवा नुसते पुटपुटले तर पंच तो ग्राह्य धरीत नाही. कारखान्यात पंच नसतो आणि पुटपुटलेल्या खोची किंमत पुढच्या पाळीतील कामगार मोजतो. त्यातून आपल्याकडे एकाच यंत्राभोवती कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी माणसे उभी असतात. आपण सांगितले म्हणजे समोरच्याला कळले, असे येथे तरी कोणी गृहीत धरू नये.

बिदरी कामाचे कारागीर हे शास्त्र फार पूर्वीपासून जाणतात. जस्तात थोडे तांबे मिसळून एकजण भांडे ओततो, दुसरा त्यावर नक्षी कोरतो, तिसरा त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवितो. शेवटी किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या लेपाने भांडे काळे होते आणि चांदी तेवढी उजळ राहते. ज्याने भांडे ओतले त्याला आपल्या कामाचे खरे रूप अगदी अखेरीस, दुसऱ्याच्या हातून गेल्यावर दिसते. ओतकामात राहिलेले बारीक छिद्र कोरणाऱ्याला छळते. म्हणून पहिल्याने तिसऱ्याचा विचार करून काम करायचे असते. (ग्रंथालयसुद्धा या न्यायानेच चालते. मुदत उलटून गेल्यावरही पुस्तक घरी ठेवणारा सभासद पुढच्या वाचकाला पाटीवर बसवून ठेवतो, एवढे ग्रंथपालांच्या वतीने येथे नोंदवायला हरकत नाही.)

इथवर सर्व गोड वाटते. परंतु बसलेल्या गड्याला खो द्यायचाच नाही असे संघाने मनोमन ठरविले असेल तर? खो-खोत हे फार वेळ चालणार नाही, संघ हरेल. कचेरीत आणि समाजात मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या चालू शकते, आणि हरलो हे कोणाला कळतही नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या क्रिकेटच्या इतिहासात आहे.

बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखता राखता ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले आणि पुढे हिंदूंच्या संघाचे आधारस्तंभ झाले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत होता. विश्रांतीच्या वेळी मात्र त्यांचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात येई. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघातून त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढ्या कर्तृत्वानंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे कधीच आले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत त्यांना वगळण्यात आले आणि कर्णधाराच्या निवडीतही गुणांपेक्षा जात वरचढ ठरली, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून माघार घेतली.

त्या काळी या माघारीला संघभावनेचा अभाव म्हणणारे लोक निघाले असणारच. असे लोक सर्वकाळी निघतात. प्रत्यक्षात तो संघ खऱ्या अर्थाने संघ व्हावा यासाठी धरलेला हट्ट होता. तडजोड झाली. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून आले आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असताना काही काळ संघाचे नेतृत्व त्यांनी केले. कचेऱ्यांतूनही अशा तडजोडी होतात : पद द्यायचे नाही, प्रभारी म्हणून काही दिवस खुर्चीवर बसवायचे. त्यानंतरही विठ्ठलरावांना वाट पाहावी लागली.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली. जे निवडकर्ते इतकी वर्षे अडून बसले होते, त्यांनी या काळात किती सामने गमावले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. उत्तम गोलंदाजाच्या हाती नेतृत्व न देण्याने जे गमावले जाते ते धावफलकावर उमटत नाही, आणि कारखान्याच्या वार्षिक ताळेबंदात तर त्याला रकानाच नसतो. विठ्ठलरावांनी मात्र स्वतःपुरती नोंद करून ठेवली. ‘माझे क्रीडाजीवन’ हे त्यांचे मराठी आत्मकथन १९४८ साली प्रसिद्ध झाले. बाळू त्यानंतर सात वर्षे हयात होते.