लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम तडीस गेले. कोणी रोकड दिली, कोणी दगड-वाळू वाहिली, कोणी अंगमेहनतीचे दान दिले. अशा मंगल प्रसंगी एखाद्या कर्तबगार माणसाविषयी चार शब्द बोलावेत, असे मंडळींनी सुचविले. आपण सारे शेतकरी. म्हणून मी लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे स्मरण करणार आहे.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ती पंडित. मुलगा चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. दुसरा एखादा हताश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखांकनाची वाट धरली आणि मुंबईतच तो विषय शिकविण्याची नोकरी मिळविली. इंजिनिअरची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. यंत्र खोलावे, पाहावे, पुन्हा जोडावे, हेच त्यांचे कॉलेज. पुढे बढतीत डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला बंधू रामूअण्णांकडे आले. दोघा भावांचे तेथे सायकलींचे दुकान होते.

त्या छोट्या व्यापारातून आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार झाला. लाकडी नांगर माती नुसती उकरतो. लोखंडी नांगर ती खोलवर फोडून उलथी करतो. हराळी-कुंद्याच्या काळ्या रानात हा फरक केवढा, हे तुम्हांला मी काय सांगावे! तरीही लोखंडाने जमिनीला विष बाधते, असा लोकांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली.

या समजुतीला हसू नये. ज्याचे पोट एका पिकावर, त्याने नवी वस्तू घेताना दहा वेळा विचार करणे साहजिकच आहे. मात्र लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच होता, हे कोणाच्या लक्षात आले नाही! लक्ष्मणराव शेतकऱ्यावर रागावले नाहीत, की त्यांनी भट्टी विझविली नाही. नांगर बनविण्याइतकीच ही चिकाटी मोलाची होती.

पुढे बेळगावातील जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी बिनव्याजी दहा हजार रुपये व कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. जागा म्हणजे निवडुंग आणि सापांचे माळरान! १९१० साली कामगार आपल्या बायकामुलांसह तेथे आले आणि किर्लोस्करवाडी वसली. पुढे तेथे चरक, पंप अशी शेतकऱ्याच्या उपयोगाची यंत्रे होऊ लागली.

लक्ष्मणराव कुटुंबवत्सल होते. भाऊ, मुले, पुतणे या सर्वांना त्यांनी कामात सामावून घेतले. पुतणे शंकरराव यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधव यांना इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेस पाठविले. माधव तेथेच क्षयाने गेला. एका घरावर याहून मोठा घाव कोणता? तरी शंतनुराव १९२६ साली पदवी घेऊन परतले आणि त्यांनी कारखान्याची धुरा खांद्यावर घेतली.

आणखी एक गोष्ट या मंडपात सांगणे मला अगत्याचे वाटते. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांना पहाऱ्याचे काम दिले. बिघडलेले यंत्र दुरुस्त होते, तसा माणूसही सुधारतो, अशी त्यांची श्रद्धा असावी.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

मंडळी, देऊळ नवे झाले. आता मनाचाही जीर्णोद्धार व्हावा. या गाभाऱ्याशी येताना कोणाला मागे उभे राहावे लागू नये. तुमच्या घरातला एखादा पोरगा मोटार खोलून बसला, तर त्याला दटावू नका. जवळ बसून काय करतो ते पाहा. त्या हातांत उद्याचे लक्ष्मणराव असतील.