कोंबडी कोणती, आणि कुणाची?

(वागळे इस्टेटमधील बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



एमआयडीसीचं काम १९६२ साली सुरू झालं ते आपल्या या वागळे इस्टेटपासून. इथल्याच एका कारखान्यात मी चौदा वर्षं पॅकिंगला होते. तो बंद पडला, मी मुरबाडकडे माहेरी गेले आणि आईच्या खुराड्याकडे पहिल्यांदा हिशेबाच्या नजरेनं पाहिलं. आपल्यातल्या पुष्कळ जणींची गावं मुरबाड-शहापूरकडची. गावच्या घरी अंडी आणि मटण दोन्हींसाठी कुठली कोंबडी पाळावी, असं तुम्ही विचारलंत, म्हणून बोलते.

आईची गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी द्यायची. मग आम्ही सुधारित जातीची २० पिल्लं आणली. हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन केंद्राच्या दोन जाती आहेत. वनराजा अंगानं भरते, अंडी १००च्या आसपास. ग्रामप्रिया अंगानं हलकी, पण परसातही १५०च्या वर अंडी देते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजाही आहे. आम्ही वनराजा घेतली. कोंबडे वजनदार झाले, भाव चांगला आला. सगळे खूष.

पण वर्ष संपलं तरी एकही कोंबडी खुडूक बसली नाही. या जातींतून खुडूकपणा जवळजवळ काढूनच टाकलेला असतो, म्हणून तर त्या जास्त अंडी देतात. गावठीखाली अंडी ठेवून पिल्लं काढली, तर ती आईबापांसारखी निघत नाहीत. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकत आणायची. आईची कोंबडी मात्र दहा-बारा पिल्लं स्वतः उबवून, चारायला शिकवून मोठी करायची. ते काम आम्ही कधी मोजलंच नव्हतं. आपलं घरकाम तरी कोण मोजतं?

विकतच्या पिल्लांना पहिले पाच-सहा आठवडे दिव्याची ऊब लागते, मानमोडीची लस लागते, पोतं आणून खाद्य लागतं. रात्री उठून बघणार बाई. पुढे आम्ही एका योजनेत अर्ज केला, तर जागेचा उतारा मागितला. उतारा वडिलांच्या नावावर, म्हणून पैसेही त्यांच्या खात्यात. आईच्या अंड्यांचे पैसे डब्यात पडायचे, त्यातून माझी वह्या-पुस्तकं आली. कोंबडी सुधारली आणि डबा रिकामा झाला.

म्हणून सुधारित जात नकोच, असं मी म्हणत नाही. रोख हवी आणि पिल्लं जवळ मिळत असतील तर ग्रामप्रिया घ्या. पण दोन-तीन गावठी ठेवाच. आधी दहाच पिल्लं आणा आणि वर्षभर वहीत लिहा: किती आणली, किती जगली, अंडी किती, खाद्य कितीचं, कोंबडा किती महिन्यांचा आणि कितीला विकला, रोज तास किती गेले, पैसे कुणाच्या हातात आले. सगळी पुंजी मात्र यात घालू नका. फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला, तेव्हा आसपासच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या.

वर्षअखेर वह्या घेऊन या, गटात वाचू. ज्या कोंबडीनं तुमच्या हातात पैसे ठेवले आणि तुमची झोप शाबूत ठेवली, ती जात चांगली. आणि गटाचं खातं आपल्याच सह्यांनी चालू दे.